आईनं मला ओटीपी दिला नाही

मी सकाळी दात घासायच्या आधी तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचतो. ही सवय मला कधी लागली ते आठवत नाही. बायकोला आठवतं, आणि त्या दिवसाबद्दल ती अजून चांगलं बोलत नाही. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी कंपनीनं लोकांचे चेहरे न विचारता साठवले, की इकडे परभणीत माझा चहा थंड होतो. बायको विचारते, "तुमचा पण साठवला का?" मी म्हणतो, अजून कळलं नाही. "तुमचा साठवून ते काय करतील," असं म्हणून ती भाकरी थापायला जाते.

नोकरीनं मी लिपिक आहे. दिवसभर कचेरीत लोकांकडून आधार कार्डाच्या झेरॉक्स मागतो आणि संध्याकाळी घरी येऊन, लोकांनी कुणालाही आधारची झेरॉक्स देऊ नये, यावर तावातावानं बोलतो. यात काहीतरी गडबड आहे हे मलाही कळतं.

माझी आई पेडगावात राहते. मी चौथीत होतो तेव्हा ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही करायला शिकली. माझ्याच पाटीवर गिरवायची आणि खडूचे हात माझ्याच टॉवेलला पुसायची. सही जमली त्या दिवसापासून तिनं कुठल्या कागदाला अंगठा लावला नाही. मग बऱ्याच वर्षांनी रेशन दुकानात मशीन आलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, अंगठा ठेवा." आई म्हणाली, "सही करते." तो म्हणाला, "सही चालत न्हाई आता." आई म्हणाली, "मंग शिकवली कशाला?"

ही गोष्ट मी कचेरीत सांगितली तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. पण डिजिटल हक्कांवर आजवर मी जे काही वाचलं, त्यात इतका सरळ प्रश्न मला सापडला नाही. शेवटी रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या म्हणून तिनं अंगठा ठेवला, आणि घरी येऊन राखेनं घासून धुतला.

पेडगावात आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज नाही. किराणा दुकानाच्या ओट्यावर तेवढी भरपूर आहे. त्यामुळं दुपारी गल्लीतल्या बायका निवडायची डाळ आणि आपापले फोन घेऊन त्या ओट्यावर येऊन बसतात. आईकडे साधा बटणांचा फोन आहे. गॅसचा असो, बँकेचा असो, कुणाच्याही फोनवर ओटीपी आला की दुकानदार तो फोन हातात घ्यायचा आणि सहा आकडे मोठ्यानं पुकारायचा. मग ज्याचा कुणाचा असेल तो घरातून ओरडायचा, "आला, आला!" गल्लीत कित्येक वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही वाकडं झालं नव्हतं.

मी हे पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका रविवारी ओट्यावर उभा राहून मी भाषणच ठोकलं. ओटीपी म्हणजे घराची किल्ली, तो पोटच्या पोरालाही सांगायचा नाही, असं म्हणालो. आता यंत्रं हुबेहूब आवाज काढतात, उद्या माझ्याच आवाजात फोन येईल, विश्वास ठेवू नका. चेहरासुद्धा बनावट करतात. दुसऱ्याचा ओटीपी आला तर पाठ फिरवा आणि कानांवर हात ठेवा. मी बराच वेळ बोललो. दुकानदारानं गिऱ्हाईक थांबवून ऐकलं. बायकांनी डाळ निवडायची थांबवली. आईकडे बघून मला फार बरं वाटलं, कारण ती सगळ्यांत जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

मी वाचलेल्या एका बातमीतला सल्ला असा होता, की घरच्यांनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवावा आणि तो कुठंही लिहून ठेवू नये. मी तिथल्या तिथं आईला एक शब्द दिला. कुठंही लिहिला नाही. आणि विसरलो.

आता माझ्या भाचीबद्दल. ही माझ्या बहिणीची मुलगी, बारावीपर्यंत आजीपाशी पेडगावातच शिकली. हिला लहानपणापासून किड्यांचं वेड. कापसाच्या पानावरची अळी ती काडेपेटीत घालून घरी आणणार, तिला रोज ताजं पान घालणार, आणि अळीचा पतंग झाला की रडत सोडून देणार. तिला कृषी विद्यापीठात शिकायचं होतं, दुसरं काहीही नको होतं. गुणही चांगले पडले. पसंतीक्रमाचा अर्ज भरायला ती परभणीला माझ्याकडे आली. शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाच वाजता अर्ज बंद होणार होते. त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली.

अर्ज भरायला वीस मिनिटं पुरे होती. पण सुरुवातीलाच "मला अटी मान्य आहेत" अशी चौकट आली आणि भाची तिथं खूण करायला लागली. मी तिचा हात धरला. म्हणालो, "न वाचता संमती द्यायची नाही." मग आम्ही अटी वाचल्या. सगळ्या. मी एकेक वाक्य वाचून तिला त्याचा अर्थ सांगायचो, मग त्यातला धोका सांगायचो, मग जगात दुसरीकडं काय कायदे आहेत ते सांगायचो. दहाला बसलो, जेवायला उठलो, परत बसलो. दुपारी दोनला भाची म्हणाली, "मामा, आपल्याला ह्या अटी मान्य न्हाईत, असं म्हणायची सोय हाय का?" मी शेवटपर्यंत शोधलं. नव्हती. मग आम्ही खूण केली.

पावणेचार वाजता अर्ज पूर्ण झाला. आता तो पक्का करायला ओटीपी हवा होता, आणि भाचीनं नोंदणी करताना नंबर दिला होता आजीचा.

मी आईला फोन लावला. काम सांगायचं होतं म्हणून आधी जरा गोड बोललो. "आई, जेवलीस का? गुडघा कसा आहे?"

मग आई म्हणाली, "कोण बोलायलंय?"

"मी बोलतोय. तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत बघ. सांग पटकन."

"आलेत," आई म्हणाली. "चांगले आकडे हायेत. सांगणार न्हाई."

मला आधी वाटलं, ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. ती म्हणाली, "माझ्या पोरानं सांगितलंय, पोटच्या पोराला बी द्यायचा न्हाई."

"अगं, मीच तो पोरगा!"

"त्येनं हे बी सांगितलंय, की तू असंच म्हणशील."

भाचीनं माझ्या हातातला फोन ओढला. "आजी, मी हाय गं. अर्ज बंद होईल पाचला." पलीकडून आईचा आवाज आला, ती ओट्यावरच्या बायकांना सांगत होती, "बगा बाई, पोरीचा बी आवाज केलाय त्येंनी. हुबेहूब रडायलेय."

भाची खरंच रडत होती.

मी फोन परत घेतला. आई शांतपणे म्हणाली, "खुणेचा शब्द सांग."

मी दस्तीनं कपाळ पुसलं आणि म्हणालो, "हुरडा."

"चूक."

"बिब्बा?"

"चूक."

"आई, ठेचा असेल. ठेचाच होता!"

"तीन झाले," आई म्हणाली. "आता बंद. अर्ध्या तासानं फोन कर." आणि तिनं फोन ठेवला.

बँकेचं मशीन असं करतं हे मीच तिला समजावलं होतं, बहुतेक त्याच रविवारी. मी दुकानदाराच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. त्यानं फोन आईसमोर धरला. आईनं डोळे बारीक करून मला पाहिलं. तिच्या खांद्यावरून आणखी चार बायकांनी पाहिलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, दादाच हायेत की ह्ये." आई म्हणाली, "चेहरा त्येचाच हाय. लय मेहनत घेतलीय." आणि तिनं तोंड फिरवलं.

इकडे माझी बायको दारात उभी राहून पदर तोंडावर धरून हसत होती. मला तिचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. त्या पोरीनं काडेपेट्यांत वाढवलेल्या सगळ्या अळ्या मला आठवल्या, आणि वाटलं, मी आयुष्यात बातम्या वाचल्या नसत्या तर बरं झालं असतं. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मी स्कूटर काढली.

पेडगावचा रस्ता अर्ध्या तासाचा. भाची मागं बसून दर दोन मिनिटांनी वेळ सांगत होती, मी तिला गप्प बस म्हणत होतो, आणि ती गप्प बसली की वेळ विचारत होतो. ओट्यापाशी पोचलो तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं होती. ओटा गच्च भरला होता. रोज न येणाऱ्या बायकाही आल्या होत्या.

"आई, आता तरी!" मी म्हणालो.

आईनं मला जवळ बोलावलं. "खाली वाक," म्हणाली. मी वाकलो. लहानपणी बैलगाडीच्या जुवावर आपटून माझ्या डोक्यात खोक पडली होती. आईनं सगळ्या गल्लीसमोर माझ्या केसांतून बोटं फिरवून ती शोधली. केस फारसे उरले नाहीत, त्यामुळं लवकर सापडली. "त्योच हाय," तिनं जाहीर केलं, आणि ओट्यावरच्या बायकांनी मान डोलावली.

भाचीनं तोपर्यंत माझ्या फोनवर अर्ज उघडला होता. तिनं नवा ओटीपी मागवला. आईच्या फोनची टुणटुण झाली आणि एकदम सगळा ओटा हलला. झाडून सगळ्या बायकांनी पाठ फिरवली आणि कानांवर हात ठेवले. दुकानदारानं वजनकाटा सोडून कान झाकले. एक म्हातारी डाळ पाखडायचं सूप मांडीवर घेऊन बसली होती, तिचे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून तिचे कान तिच्या सुनेनं झाकले आणि सुनेचे उघडे राहिले, म्हणून सून मोठ्यानं पाढे म्हणायला लागली.

आईनं माझ्या कानाशी तोंड आणलं. ती स्वतः जरा कमी ऐकते, त्यामुळं तिचं कुजबुजणं रस्त्यापलीकडं ऐकू जातं. सहा आकडे तिनं असे कुजबुजले की पिंपळावरचे कावळे उडाले. भाचीनं ते टाकले. अर्ज पक्का झाल्याची हिरवी खूण आली. पाचला दहा मिनिटं होती.

भाचीनं आजीला मिठी मारली. पुढं तिला प्रवेश मिळाला, पहिल्याच पसंतीचा, आणि आता तिच्या काडेपेट्यांना विद्यापीठात शास्त्रीय नाव आहे. पण तेव्हा ओट्यावरून एका बाईचा आवाज आला, "झालं का? कान सोडू का?" मी हो म्हणालो, पण तिला ते ऐकू आलं नाही.

सगळं निवल्यावर दुकानदारानं चहा मागवला. मी आईला विचारलं, "तो शब्द तरी काय होता?"

"उताणं वांगं," ओट्यावरच्या सगळ्या बायका एकदम म्हणाल्या. मी तो शब्द आईला दिला होता तो भर सभेत, मोठ्या आवाजात.

मला जरा राग आला. म्हणालो, "बरं, शब्द विसरलो. पण माझा आवाज तुला ओळखू येऊ नये?"

आई बशीतला चहा फुंकत होती. म्हणाली, "आवाज तुजाच होता रे. पण उचलल्या उचलल्या म्हणलास, जेवलीस का, गुडघा कसा हाय. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

"त्यात काय?"

"तू कदी इचारतोस? तू फोन केलास की पयली तुजी बातमी सांगतोस. मंग कोणतं बटण दाबू नको ते सांगतोस, मंग ठेवतोस. मी म्हणलं, ह्यो कोण तरी मायाळू माणूस हाय. माझं पोरगं न्हाई."

बायका हसल्या. भाची हसली. मीही हसलो, पण मला लाज वाटली आणि ती परभणीला पोचेपर्यंत गेली नाही. रस्त्यात भाची मागं बसून गाणं गुणगुणत होती. मी मनात मोजत होतो, गेल्या महिन्यात आईला किती फोन केले आणि त्यात गुडघा किती वेळा आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीतूनच आईला फोन लावला. काम काहीच नव्हतं.

"आई, जेवलीस का?"

मग फोन जरा लांब धरून ती कुणाला तरी सांगताना ऐकू आली, "बगा गं, त्यो कालचा परत आलाय."

माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ आधारची झेरॉक्स घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"उताणं वांगं," मी म्हणालो.

"हां," आई म्हणाली. "जेवले. भाकर अन् अंबाडीची भाजी. काय काम हाय?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही."

ओट्यावर कुणी तरी डाळ पाखडत होतं, तो आवाज येत राहिला.

"मंग गुडघ्याचं बी इचार की," ती म्हणाली.