दिवाणातली गिटार

हे मी आजवर कोणापुढेच बोललेलो नाही. बायकोपुढे नाही – ती चार वर्षांपूर्वी गेली, आणि बावीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट सांगायला सवड मिळाली नाही, असं म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? मुलालाही नाही, तो हैदराबादला असतो आणि रविवारी फोनवर माझ्या शुगरची चौकशी करतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या अमरावतीच्या बाजारात समोरासमोर आलो, तरी तुम्ही तुमची मेथी निवडाल आणि मी माझ्या वाटेने जाईन. ही सोय मी आधीच पाहून ठेवली आहे.

मी शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी घरी गिटार. निमित्त झालं ते एका विद्यार्थिनीचं. अंजनगाव सुर्जीची मुलगी, इथे इंजिनिअरिंगला आहे, हुशार, आणि जरा आगाऊसुद्धा. तिने दोन महिन्यांपूर्वी मोबाईल समोर धरला आणि विचारलं, सर, तुमच्याकडे तीन गिटार आहेत, त्यातली कोणती तुम्ही जन्मात कोणाला देणार नाही? मी नवीन काळ्या गिटारीकडे पाहिलंही नाही. मुलाने पाठवलेली दुसरी, प्लग लावून वाजवायची, तिच्याकडेही नाही. सरळ कोपऱ्यातली जुनी, मधाच्या रंगाची गिटार उचलली. म्हणालो, ही. माझ्या जिवलग मित्राने माझ्या हाती सोपवली. कॅमेऱ्यासमोर माझा आवाज थोडा भरूनही आला. मुलीने तो व्हिडिओ टाकला, लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, आणि शाळेतल्या शिपायाने येऊन सांगितलं की सर, मैत्री असावी तर अशी.

सोपवली – हा शब्द खरा आहे. लोकांनी त्यातून जे घेतलं ते खोटं आहे.

मित्राचं नाव मिलिंद. आम्ही दोघं अकोल्याच्या एका गायन पार्टीत वाजवायचो. जयंतीचा महिना आला की आम्हाला घर दिसत नसे. आज बार्शीटाकळी, उद्या पातूर, परवा कुठल्या तरी खेड्यात, निळ्या पताकांखाली लाकडी स्टेजवर. मिलिंद डावखुरा होता. आता हे नीट ऐका, कारण सगळं याच्यावर आहे. डावखुरा माणूस गिटार उलटी धरतो, आणि तारासुद्धा उलट क्रमाने बसवतो. म्हणजे त्याची गिटार आम्हाला वाजवता येत नाही आणि आमची त्याला. पार्टीत कोणाची तार तुटली, गिटार पडली, तर आम्ही एकमेकांची घ्यायचो. मिलिंदला ती सोय नव्हती. त्याला त्याची एकच.

आणि ती कशी होती म्हणून सांगू? कलकत्त्याची, जुन्या लाकडाची. अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका गार्डने बदलीच्या वेळी त्याला दिलेली. नुसती तार छेडली तरी पोटातून आवाज यायचा. माझ्या गिटारीचा आवाज त्यापुढे डब्यातल्या चिल्लरीसारखा. पण खरं सांगू का – गिटार बाजूला ठेवा, मिलिंदच माझ्यापेक्षा चांगला होता. मी सरगम पाठ करून वाजवायचो. तो गायकाच्या तोंडाकडे बघायचा आणि शब्द यायच्या आधी तिथे जाऊन उभा असायचा. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, आणि मी ते कधी तोंडाने कबूल केलं नाही.

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल तर पुढचं समजावून सांगायला नको. मिलिंद अकोल्यात टिनाच्या खोलीत राहायचा. मे महिन्यात त्या टिनाखाली माणूस कसाबसा तगतो, गिटार तगत नाही. लाकूड चिकटवलेला सरस पातळ होतो, ब्रिज – म्हणजे तारा जिथे खालून अडकवलेल्या असतात ती पट्टी – उखडून येतो, पोट फुगतं. म्हणून पार्टीतली एक रीतच होती. एप्रिलचे कार्यक्रम संपले की टिनात राहणारे आपापली वाद्यं स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांकडे नेऊन ठेवायचे आणि दसऱ्याला घेऊन जायचे. त्यात कोणी चिठ्ठी करत नसे, हमी घेत नसे. माझ्या घराला स्लॅब होता, कूलर होता. मिलिंदची गिटार सलग चार उन्हाळे माझ्याकडे राहिली. तारा सैल करून तो ती मला द्यायचा आणि जाताना एकदा तिच्या पोटावर टिचकी मारायचा, बस.

पाचव्या वर्षी, कार्यक्रमांच्या शेवटी, पार्टीच्या मास्तरांनी मला बाजूला घेतलं. दसऱ्यापासून पुढे बसून मुख्य गिटार मिलिंद वाजवेल, तू मागे रिदमला बस, म्हणाले. ते काही वाईट बोलले नाहीत. वयाने मोठे होते, खांद्यावर हातही ठेवला. मी हो म्हणालो. आणि आठवड्याने मिलिंद नेहमीप्रमाणे गिटार घेऊन अमरावतीला माझ्या दारात आला. त्याला मास्तरांचं ठाऊक होतं की नव्हतं? मी विचारलं नाही. तो माझ्याकडे जेवला आणि दुपारच्या गाडीने परत गेला.

त्या उन्हाळ्यात मी त्याच्या तारा काढल्या. नट – म्हणजे मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी – बदलला, तारा माझ्या हाताच्या केल्या. नुसतं बघायचं म्हणून – असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. रोज दुपारी दार लावून वाजवायचो. आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या हातातही ती बोलायची! मिलिंदइतकी नाही, पण मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं तसं. जून गेला, जुलै गेला. तारा परत उलट्या करायला एक तास लागला असता. तो तास मला पावसाळाभर सापडला नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, फाटक वाजलं. खिडकीतून मिलिंद दिसला. मी गिटार उचलली आणि दिवाणात टाकली, वर गादी ओढली. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आमच्या बाहेरच्या खोलीत बसायला दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे मिलिंद येऊन त्याच दिवाणावर बसला. त्याच्या खाली, गादी आणि फळी एवढ्याच अंतरावर, त्याची गिटार. मी म्हणालो, एक वाईट झालं. उन्हाने ब्रिज उखडला, पोट फाटलं, काही राहिलं नाही.

तो म्हणाला, “तुकडे असतीन ना? तेच दे. मी पाह्यतो काही जमते का.”

मी याचा विचारच केला नव्हता. अंगणात आंघोळीच्या पाण्याचा बंब धुमसत होता, तो समोर दिसला. माझ्या तोंडून निघून गेलं, “मायनं बंबात घातले. तिले का समजते.”

आई चहा घेऊन आली होती, तिने ऐकलं. कप खाली ठेवले. ती नाही म्हणाली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पदराला हात पुसत उभी राहिली. आणि मिलिंद उठला, वाकला, तिच्या पाया पडला.

“तुमचा काय दोस त्यात, मावशी? लाकूडच होतं ते,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “तू कावून मनाले लावून घेतं? ऊनच तसं होतं यंदा.”

त्याने मला धीर दिला. तुम्ही विचाराल, त्या क्षणी तरी गादी उचलावी असं वाटलं नाही का? वाटलं. हात उचलला गेला नाही. तो चहा पिऊन गेला आणि मला आधी काय वाटलं, तर हायसं वाटलं.

दसऱ्याला बार्शीटाकळीत कार्यक्रम होता. कोणीतरी मिलिंदला आपली गिटार दिली. स्टेजमागे तो अर्धा तास ती उलटसुलट करून बघत होता, बोटं चुकत होती, पुन्हा पुन्हा करत होता. मी दहा हातांवर माझी जुनी गिटार सुरात लावत होतो. मग त्याने ती परत केली, खंजिरी मागून घेतली आणि मागे जाऊन बसला. पुढची गिटार मी वाजवली. नवी घेण्यासारखी त्याची परिस्थिती नव्हती, नुकतं लग्न झालेलं. हे मला माहीत होतं आणि दिवाणाशी उभा होतो तेव्हाही माहीत होतं. त्यानंतर दोन-तीन कार्यक्रमांना तो आला, मग आला नाही. पातूरला नगरपरिषदेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर लागला, असं कानावर आलं.

आईने तो विषय कधी काढला नाही. मी गिटार हातात घेतली की ती उठून मागच्या अंगणात जायची, तांदूळ निवडायला, गवऱ्या मोजायला, काहीतरी काढून. पाऊस असला तरी जायची. अकरा वर्षं गेली आणि मग ती राहिली नाही. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, तो डावखुरा पोरगा कसा आहे रे. मी म्हणालो, बरा आहे. मला त्याचा पत्तासुद्धा ठाऊक नव्हता.

पार्टी मोडली, मास्तर गेले, आणि विचारणारं कोणी उरलं नाही तेव्हा मी ती गिटार घराबाहेर काढली. बायकोला सांगितलं, नागपूरला जुनी मिळाली. विद्यार्थ्यांना सांगितलं, मित्राने दिली. आता घरात मी एकटाच असतो. संध्याकाळी विद्यार्थी गेले की तीच घेऊन बसतो, दुसऱ्या दोन्हींवर धूळ बसते. इतका जीव मी कोणाला लावला असेल का? आणि तिच्या पोटावर, माझा हात जिथे कधी जात नाही अशा बाजूला, पॉलिश घासून गेलेलं आहे. तिथे त्याचा दंड टेकायचा. मी दोनदा पॉलिश करून घेतलं, तरी ती जागा वेगळीच दिसते.

आता शेवटचं. वाटलं होतं, एवढ्यावर थांबता येईल. एकोणतिसाव्या वर्षी माणूस चुकतो, असं म्हणून तुम्हीही कदाचित सोडून दिलं असतं.

गेल्या महिन्यात अकोल्यात एका विहाराच्या वर्धापनदिनाला मला वाजवायला बोलावलं होतं. दुपारचा कार्यक्रम, मंडपात पंखे, खुर्च्या अजून भरत होत्या. मी स्टेजच्या कडेला बसून तारा जुळवत होतो. एक माणूस समोर येऊन उभा राहिला. केस पांढरे, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं. पोरीने मोबाईलमध्ये तुझा व्हिडिओ दाखवला, म्हणून पातूरहून आलो, म्हणाला. माझी तब्येत विचारली. आई गेल्याचं त्याला माहीत नव्हतं, तो हळहळला. हे सगळं बोलताना तो माझ्याकडे नाही, गिटारीकडे बघत होता.

“माह्याच गिटारीसारखी आहे,” तो म्हणाला.

त्याने विचारलं नव्हतं. आरोप केला नव्हता. मला नुसतं हो म्हणायचं होतं. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, घरी कोणी नाही, नोकरीचं एकच वर्ष उरलं आहे – मला कोणाची भीती होती? मी म्हणालो, “नाही रे. तशीच दुसरी भेटली, नागपूरले.”

“असं का,” तो म्हणाला. मग डावा हात पुढे करून म्हणाला, “जरा पाहू दे हाती घेऊन.”

मी म्हणालो, आत्ताच सुरात लावली आहे, राहू दे. माझा हात तिच्या मानेवर होता, तो मी आणखी घट्ट धरला.

बरं, म्हणाला. तो गेला नाही. चौथ्या रांगेत खुर्ची घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून बसला, आणि दोन तास पूर्ण कार्यक्रम ऐकला. त्या दुपारी माझ्या हातून एकही सूर चुकला नाही.