तोंडभर रंग

युद्धातून जीव वाचवून पुण्यात आलेली मरियम आमच्या शेजारी राहते. दोन वर्षं रंगपंचमीला तिचं दार बंद असायचं. यंदा मात्र ती स्वतःच खाली आली आणि गाल पुढे करून म्हणाली, "लावा ना, ताई!"

मी मूठभर गुलाबी रंग फासला. ती खळखळून हसली, मग सहज बोलून गेली, "गावात सैनिक आले की आई आम्हा बहिणींच्या तोंडाला तव्याची काजळी फासायची. आम्ही त्यांच्या नजरेत भरू नये म्हणून."

दृष्ट लागू नये म्हणून आपण बाळाला इवलीशी तीट लावतो. त्या माउलीला लेकींची अख्खी तोंडं माखावी लागली.

माझा हात थबकला. मरियमनेच तो ओढून कपाळावर फिरवला.

"आता फोटो काढा," ती म्हणाली, "आईला पाठवायचाय."