चौथ्या तारेचा ठप्प आवाज

बाळांनो, तुमच्या आईची गिटार नीट वाजते असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा ती वाजवून पाहिलेली नव्हती. ताई म्हणाली होती, "आजी, दिवाळीत मी आईच्याच गिटारवर वाजवणार. माझी तिथे आणत नाही." मीही लगेच हो म्हणून मोकळी झाले.

जळगावच्या उन्हाळ्यात लाकडावर ताण नको, म्हणून एप्रिलमध्येच मी सगळ्या तारा सैल केल्या होत्या. दसऱ्यानंतर मोबाइलवर बघून एकेक सुरात लावली. पाच तारा छान बोलल्या. चौथी मात्र ठप्प. गादीवर चमचा पडावा तसा आवाज.

आजोबा पेपरातून म्हणाले, "भिंतीवर टांग. शोभेला बरी दिसेल."

"ताई वाजवायला येते आहे, बघायला नाही."

रिक्षा करून गिटार दुकानात नेली. दुकानदार चाळीसगावकडचा, पेट्या-तबले विकणारा. त्याने तार बदलून दिली, पण आवाज तोच. मग गिटार उलटीसुलटी करून म्हणाला, "अक्का, लाकूड बठ्ठं सुकी गयं. आते नवी ल्या."

"लाकूड सुकलं, तर बाकीच्या पाच तारा कशा वाजतात?"

"आते ते मी काय सांगू, अक्का?" तो हसला. मीही हसले, पण नवी घेतली नाही.

तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांना सांगून सांगून माझा घसा बसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर गिटार जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. तार नवी होती, म्हणजे दोष तारेत नव्हता. तार खालच्या टोकाला जिथे अडकवतात तिथली खुंटी दाबून पाहिली. काही फरक नाही. मग तार दांडीवरच्या दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीपाशी, बोटाने दाबून छेडली, तर खणखणीत! बोट उचललं की पुन्हा ठप्प.

मी चष्मा बदलला. तार दाबली की तिचं वरचं टोक पडद्यावर टेकतं. मोकळी असली की ते सूर लावायच्या वरच्या खुंट्यांजवळच्या पांढऱ्या पट्टीवर टेकतं. त्या पट्टीला नट म्हणतात, आणि तिच्या खाचांतून तारा जातात. म्हणजे दोष खाचेत असणार. तार सैल करून बाजूला सारली आणि बॅटरी लावली. खाचेत लाल-पिवळं काहीतरी वाळून बसलं होतं, आणि त्यात तांदळाची एक कणी.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. आजोबांचा पाइप पाना, शिलाई मशीन, विळी, स्कूटर, सगळं मी ओळीने मांडते. यंदा गिटारही मांडली होती. तुमच्या आईची आहे, म्हणून तिला हळदी-कुंकू जरा जास्तच, तेही ओलं करून, वर अक्षता. नेमकं त्या पट्टीच्या मधोमध. तारा तेव्हा सैलच होत्या, त्यामुळे ते निवांत खाली उतरलं. पुढे तार ताणली ती त्या गादीवर.

आजोबांना दाखवलं. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "म्हणजे चोर घरातच!"

"चोर नाही, भक्त," मी म्हटलं. "जाड दोरा द्या मला."

दोऱ्याने आणि जुन्या टूथब्रशने खाच साफ करायला अर्धा तास लागला. पाणी लावलं नाही, की सुई खुपसून खाच खोल केली नाही. ती खोल झाली तर तार खाली बसते आणि पडद्यावर खरखरते, हे मोबाइलवर वाचलं होतं. तार पुन्हा चढवली, सुरात आणली आणि छेडली. इतका वेळ घुमली की आजोबांनी पेपर खाली ठेवला.

तेव्हा ताई, तुझी गिटार तू बिनधास्त तिथेच ठेव. आईची तयार आहे, हे आता वाजवून पाहून सांगते आहे. पुढच्या खंडेनवमीलाही तिची पूजा होईल, पण टिळा गिटारला नाही, तिच्या पिशवीला.