काठी रुतणार नाही अशी फट

निम्म्या गावाच्या बागांत फरसबंदी करून देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगणात चिखल होता. "करू की, अंगण काय पळून जातंय?" हे तो इतकी वर्षं म्हणत आला होता की अंगणालाही ते पटलं असावं. गेल्या पावसाळ्यात त्याच चिखलात ताई घसरली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईमागे गावाचे कपडे शिवून तिनेच त्याला वाढवलं. हाड जुळलं, धीर काही जुळला नाही. हातात काठी आली आणि ताई उंबरठ्याआड बसली ती बसलीच. आतल्या उजेडात सुईत दोरा ओवता येईना, म्हणून शिलाई मशीनवर चादर पडली. तोंडाचा पट्टा तेवढा चालू राहिला.

शेवटी त्याने लोकांच्या बागा बाजूला ठेवल्या. माती खणली, खडी ठोकली, वाळू पसरली, सुतळी ताणली आणि काळ्या दगडाचे ठोकळे रबरी हातोड्याने बसवू लागला. देखरेखीला खिडकीत ताई.

"ती ओळ तिरकी गेलीय."

"सुतळी लावलीय, ताई."

"मग सुतळी तिरकी असेल."

सुतळी तिरकीच होती. ताई खिडकीतून हलल्यावर त्याने ओळ गुपचूप उचलून पुन्हा बसवली.

ठोकळ्यांमधल्या फटी त्याने सवयीने बोटभर ठेवल्या आणि सवयीनेच त्यांत वाळू झाडली. बागवाल्यांना फटीत उगवलेलं गवत आवडतं. अंगण जुन्या घराण्याचं वाटतं.

ताईने पहिल्यांदा बाहेर काठी टेकली, ती थेट फटीत रुतली. तिने ती उपसली, आत गेली आणि त्या दिवशी खिडकीतही आली नाही. 

सकाळी त्याने सगळे ठोकळे उखडले.

"माझी काठी कुठाय रे?"

"मापाला घेतलीय."

"मग मी चालू कशी?"

"चालायची होतीस कुठे?"

 खिडकीतून आवाज आला, "एवढी रुंद शिवण कोणी घालतं का? पहिल्या दिवसापासून सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?"

या वेळी फटी काठीच्या टोकाहून अरुंद ठेवल्या. त्यांत सिमेंटचा माल भरला, बारीक थापीने दाबला, ओल्या फडक्याने दगड पुसले आणि माल पक्का होईपर्यंत वर ओली पोती टाकली.

पोती निघाली तेव्हा ताई बाहेर आली. काठी टेकली, जरा दाबून पाहिली. मग पाऊल. मग पुढचं. अंगणाच्या मधोमध थांबून तिने वर पाहिलं.

"उभा काय राहिलास? मशीन आण. इथे उजेड आहे."

मशीन डगमगलं.

"फरशी वरखाली आहे तुझी."

"फरशी ठीक आहे. तुझ्या मशीनचा पाय झिजलाय."

"ते तुझ्याआधीचं आहे घरात!"

"म्हणून तर झिजलाय."

ताईने चिंधीची घडी दिली, त्याने ती पायाखाली सरकवली. दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला. तिने तो काढला आणि मुद्दाम पुन्हा ओवला.

"गुडघ्यावर फाटलेली ती पँट दे इकडे," ती म्हणाली. "आधी दुसरी घालून ये. गल्ली बघतेय."