चढताना चांगला पाय आधी

माझे गुडघे व्यायामाने सुधारले, असं आमच्या फिजिओथेरपीवाल्या बाई सांगतात. मी त्याचं निम्मं श्रेय माझ्या धाकट्या जावेला देते. तिच्यावरचा राग नसता तर मी चार दिवसांत कंटाळून घरी बसले असते.

सोलापुरात आमचं दुमजली घर. वरचा मजला आम्ही नवरा-बायकोने हौसेने बांधला, फरश्या मी स्वतः निवडल्या. मे महिन्यात वरचा स्लॅब तव्यासारखा तापतो, पण संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून चटई टाकली की सगळं विसरायला होतं. खाली दीर-जाऊ राहायचे. खालच्या घरात उजेड कमी, दारात मोटारसायकली, आणि सगळ्यात मोठी कटकट पाण्याची. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. खाली राहणाऱ्यानेच उठायचं, हौद भरायचा, मोटार लावून वरची टाकी भरायची.

माझे गुडघे दुखायला लागले आणि जावेला माझा एकाएकी पुळका आला. एकदा आम्ही चौघं जेवायला बसलो असताना ती म्हणाली, “अक्का, पायऱ्या चढून चढून तुमी जिवाला लई तरास करून घेता. तुमी खाली ऱ्हावा, आमी वर जातो. गुडघं बरं झालं की या की परत वर. घर काय पळून चाललंय व्हय?”

दिराला पटलं, नवऱ्याला तर फारच पटलं. मी मूर्ख, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभरात माझं सामान खाली आलं आणि पहिल्याच पाण्याच्या दिवशी पहाटे हौदाशी उभी असताना माझी ट्यूब पेटली. गुडघे एकदा गेले की गेले, अशी आमच्या गल्लीत सगळ्यांची पक्की समजूत आहे. ‘बरं झालं की या’ हे तिने त्याच भरवशावर म्हटलं होतं.

तरी मी गप्प होते. मग संक्रांत आली. तिने हळदीकुंकू वर केलं, माझ्या गच्चीवर. मी इरकल नेसून, हळूहळू का होईना चढायचंच असं ठरवून बसले होते. तेवढ्यात तीच शेजारच्या दोघींना घेऊन खाली आली. म्हणाली, तुम्ही उठूच नका, बसल्या जागी कुंकू लावते. आजाऱ्याला लावावं तसं तिने मला कुंकू लावलं, वाण मांडीवर ठेवलं, आणि त्या दोघींनी च्च च्च केलं. त्या च्च च्चने मला जेवण गेलं नाही. सोन्याची सुरी झाली म्हणून काय ती उरात खुपसून घ्यायची? आपला मजला परत घ्यायचा आणि तोही तिच्याच शब्दावर बोट ठेवून, हे मी त्या दिवशी ठरवलं.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, झीज आहे, ऑपरेशनची एवढ्यात गरज नाही, फिजिओथेरपी करा. फिजिओथेरपीवाल्या बाई बार्शीकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलायला कडक. मांडीचा स्नायू ढिला पडलाय, सगळा भार गुडघ्यावर येतोय, म्हणाल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरायची. दाबताना माझ्या डोळ्यांसमोर कोण असायचं ते सांगायला नको. पाय सरळ ठेवून उचलायचा, पुढे घोट्याला वजन बांधून उचलायचा, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं. आधी कळा यायच्या. मग हळूहळू मांडीला जोर आला, सकाळची आखड कमी झाली.

हे सगळं मी दार लावून करायची. जावेसमोर मात्र मुद्दाम लंगडायची, जरुरीपेक्षा जास्तच. ती तेल आणून द्यायची, भाजी पाठवायची आणि बजावायची की फार चालू नका, उरलेलेही झिजतील. मी मान डोलवायची. एवढं नाटक मी जन्मात केलं नव्हतं आणि मला ते आवडत होतं.

शेवटी बाईंनी पायऱ्या चढायचा-उतरायचा सराव सुरू केला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं. माझा दुखरा उजवा.

पुढच्या संक्रांतीला बायका वर जमल्यावर मी जिना चढले. थांबत चढले, पण कुणाचा हात धरला नाही. हातात माझं स्वतःचं वाण होतं. जाऊ कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती.

“गुडघे बरे झाले गं,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “बरे झाले की वर या, म्हणाली होतीस. आले.”

तिचं बोट करंड्यातच राहिलं. मग म्हणाली, “व्हय की अक्का, तुमचंच घर हाय.”

“मग रथसप्तमी झाली की सामान हलवू.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या गुडघ्यांसाठी. मला इतका आनंद पोरांच्या लग्नातही झाला नव्हता.

बाईंना सांगितलं तर त्या चिडल्याच. एकदा चढून दाखवणं वेगळं आणि रोज चारदा चढ-उतार करणं वेगळं, म्हणाल्या. झीज गेलेली नाही, आराम पडलाय तो खाली राहिल्यामुळेही पडलाय, तुमच्या जाऊबाईंनी सुचवलं ते गुडघ्यांसाठी बरोबरच होतं. मी ऐकून घेतलं आणि सामान हलवलं.

आता पहाटे पाणी आलं की खाली मोटार सुरू होते, जावेची चिडचिड ऐकू येते, आणि मी कूस बदलते. पण उजवा गुडघा पुन्हा बोलायला लागलाय. शेकते, टॉवेल दाबते, कण्हत मात्र नाही, कारण जिन्यातून आवाज खाली जातो. एक चूक माझ्या हातून झाली. जिंकल्याच्या तोऱ्यात पायऱ्यांचा तो नियम मी जावेलाच ऐकवला होता. तेव्हापासून मी उतरायला लागले की ती दारात येऊन माझ्या पावलांकडे बघते.

परवा मी जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभी होते. ती खालून म्हणाली, “अक्का, दुखायलंय काय?”

“नाही गं,” म्हटलं. कठडा सोडला, सगळा भार उजव्यावर घेतला आणि चांगला पाय आधी खाली टाकला. कळ पार कमरेपर्यंत गेली. मी हसत हसत पुढची पायरीही तशीच उतरले.