वासाचा वाटा

हिल्वाच्या हातची भाकरी खाल्ली नाही असा माणूस आमच्या टेकडीवर सापडायचा नाही, आणि तिच्या तोंडच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असाही नाही. हिल्वा म्हणजे गोड. हे नाव ठेवताना पोरगी झोपलेली असावी. थोरल्या पोराच्या नावावरून आमच्या रीतीप्रमाणे सगळे तिला उम्म नायिफ म्हणतात, नायिफची आई. पोरीबाळी मावशी म्हणतात. तिचा नवरा मुतलक, म्हणजे अबू नायिफ, काहीच म्हणत नाही. संसार टिकवायचा असेल तर त्याच्याकडून शिकावं.

आमची वस्ती खलील शहराच्या दक्षिणेला, बोडक्या टेकडीवर. पत्र्याच्या खोल्या, दोनचार तंबू, आणि माणसांपेक्षा जास्त अक्कल असलेली मेंढरं. हिल्वाचा सासरा हमदान अठ्ठेचाळीस साली अरादच्या मुलखातून बंदुकांनी हाकलून लावला तेव्हा उंट घेऊन इकडं आला. चार दिवसांत परत जायचंच आहे म्हणून जातं तिथंच ठेवून आला. ते चार दिवस अजून चालूच आहेत. मग शेजारच्या यट्टा गावच्या लोकांना उंट देऊन त्यानं ही टेकडी विकत घेतली. उंट देताना म्हातारा ढसाढसा रडला म्हणतात. टेकडी घेताना रडला नाही, कारण तिच्यात दगडांशिवाय रडण्यासारखं काही नव्हतंच.

सदुसष्ट साली राज्य बदललं. दगड तेच राहिले. पुढं ऐंशीनंतर समोरच्या टेकाडावर सैनिकांनी तंबू ठोकले. आम्हाला दया आली. म्हटलं, बिचारे आमच्यासारखेच कुठूनतरी चार दिवसांसाठी आले असतील. पाहता पाहता तंबूंची घरं झाली, घरांवर लाल कौलं चढली, पुढं हिरवळ आली, भोवती कुंपण आलं, त्यांच्या लोकांची वसाहतच झाली. कुंपणाच्या आत कोंबड्यांसाठी लांबच लांब शेड, शेडमध्ये दिवे आणि पंखे. विजेची तार आमच्या डोक्यावरूनच जाते. कोंबड्यांना उकडू नये एवढी काळजी सरकार घेतं. आम्ही कोंबड्या नाही, ही आमची चूक.

तर हिल्वाची तबून. ही आमची मातीची भट्टी, चुलीची थोरली बहीण. हिल्वानं ती स्वतः घडवलेली. टेकडीच्या पोटातली पिवळी माती खणायची, चाळायची, भुसा घालून पायानं तुडवायची, मग मातीच्या वळ्या एकावर एक चढवून पालथ्या पातेल्यासारखा घुमट उभा करायचा आणि वर तोंड ठेवायचं. आत तळाशी गारगोट्या, त्यावर भाकरी. बाहेरून मेंढरांच्या लेंड्या रचायच्या आणि राखेनं दडपायच्या. जाळ दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. ही आग विझवायची नसते. बाप्यानं भट्टीला हात लावला तर ती तडकते असं बायका म्हणतात. हे बाप्यांनाही सोयीचंच असल्यामुळं कुणी कधी तपासून पाहिलं नाही. भट्टीभोवती दगड रचून, वर पत्रा टाकून केलेलं बसकं खोपट. सगळी वस्ती हिल्वाच्या भट्टीवर जेवायची.

एके सकाळी सरकारी कचेरीचा अधिकारी जीपमधून आला. त्याला आमची भाषा येत होती. कुठं शिकला देव जाणे, पण मास्तरानं ‘नाही’ हा एवढाच शब्द चांगला घोटून घेतलेला.

भट्टीच्या खोपटात डोकावून त्यानं विचारलं, “हे काय आहे?”

“तबून.”

“हे बांधकाम आहे.”

“आरं बाबा, ह्यात माझं डोस्कं सुदिक शिरत न्हाई. बांधकाम कसलं?”

“भिंत आहे, छप्पर आहे. बांधकाम.”

“माझ्या झग्याला घेर हाय, दोन बाह्या हायत. त्येला बंगला लिव्हून टाक.”

मुतलक खोकला. त्याचा खोकला म्हणजे बायकोला दिलेली ताकीद. ती आजवर तिला ऐकू गेलेली नाही.

“परवानगी आहे का?” अधिकारी म्हणाला.

“भाकरीला परवानगी? खानाऱ्याला भूक आसली म्हंजी झालं.”

“बाई, समोरून तक्रार आली आहे. कुंपणालगतच्या घरातला माणूस म्हणतो, तुझ्या भट्टीचा धूर येतो, वास येतो. त्याच्या बायकोचं डोकं दुखतं. महिन्याभरात तुम्ही पाडा, नाहीतर आम्ही पाडू.”

हिल्वाच्या ओठावर पुढची शिवी तयार होती, ती तिथंच राहिली.

“वास येतो? त्येच्या घरापातूर?”

“हो.”

“भाकरीचा बी?”

“सगळाच येतो. रोज येतो.”

हिल्वानं दोन्ही हात गालांवर मारून घेतले आणि मटकन खाली बसली. बाई घाबरली असं वाटून अधिकारी खूश झाला. भट्टीवर हुकुमाचा कागद ठेवून, वर दगड ठेवून, फोटो काढून निघून गेला.

बाई घाबरली नव्हती. बाई शरमली होती. आमच्यात रीत आहे : तुझ्या भाकरीचा वास ज्याच्या घरात गेला, त्याचा त्या भाकरीत वाटा. वास पोचला आणि वाटा पोचला नाही, तर ते अन्न पचत नाही. भट्टी पेटती ठेवणाऱ्या बाईला हे मांडीवर असल्यापासून शिकवतात. हिल्वानं वस्तीतल्या आंधळ्यापांगळ्यापासून ते उधळ्या जावयापर्यंत कुणाचा वाटा चुकवला नव्हता. आणि समोरचा माणूस इतकी वर्षं नुसता वास घेत होता!

“ऐकलंसा का अबू नायिफ?” ती नवऱ्याला म्हणाली. “शेजारी रोज वास घेतोय, आन् आपल्या घरातनं एक भाकर गेली न्हाई. तक्रार करंल न्हाईतर काय करंल? त्येच्या जागी मी आसते तर दगूड मारला आसता.”

“दगूड मारून झाला त्येचा,” मुतलक म्हणाला. “मागल्या साली मेंढराला लागला न्हाई का? आन् अगं, त्यो भाकर मागत न्हाई. टेकडी मागतोय.”

“टेकडी मागनारा बी आदी जेवतोच की. तुमचा बा उंट घिऊन आला, तवा यट्टावाल्यांनी आदी ताट वाढलं का आदी सौदा केला?”

“ताट वाढलं.”

“मग! पोटात भाकर गेली की मानूस तक्रार माघारी घेतो. भट्टी वाचली तर वाचली. न्हाई वाचली तरी आपल्या डोस्क्यावरचा वाटा तरी फिटंल.”

सून सुरय्या म्हणाली, “मावशी, ते गोळी घालतील.”

“घालू देत. गरम भाकर बघून गोळी घालनारा आजून जल्माला यायचाय.”

दुसऱ्या दिवशी तिनं निवडक पीठ काढलं. इतक्या फुगलेल्या भाकऱ्या तिनं पोराच्या लग्नातही केल्या नव्हत्या. वर ऑलिव्हचं तेल चोपडलं, मेंढीच्या दह्याचा गोळा ठेवला, धुतलेल्या फडक्यात सगळं बांधलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि कुंपणाकडं चालू लागली. आम्ही सगळे लांबून बघत होतो. धीर सगळ्यांना होता, फक्त तो पायांत उतरत नव्हता.

मनोऱ्यावरचा पहारेकरी भोंग्यातून ओरडला, “थांब! जे आहे ते खाली ठेव! मागं हो!”

आमच्या भाषेतले हे तीन हुकूम त्याला पाठ होते. हिल्वाला ते अगत्याचं बोलणं वाटलं. तिनं गाठोडं दगडावर नीट टेकवलं आणि हात वर करून ओरडली, “ठिवलं रं लेकरा! शेवटच्या घरातल्यास्नी सांग, गरम हाय तवर खावा! डोस्कं दुखत आसंल तर दही जास्ती खावा!”

आणि माघारी आली. चेहरा असा, की मक्केची यात्राच करून आली.

पुढं जे झालं ते आमच्या टेकडीनं फुकट पाहिलेलं सगळ्यात महागडं नाटक. भोंगा वाजला. वसाहतीतली माणसं घरांत कोंडली गेली. आमचा रस्ता बंद झाला. शाळेतून येणारी पोरं वाटेवर अडकली. मोठ्या गाडीतून बॉम्ब हुडकून फोडायचं एक यंत्र उतरलं : खाली चाकं, वर एक लांब हात, हाताला चिमटा. ते गुरगुरत गाठोड्यापाशी गेलं, फडक्याचं टोक उचलून आत पाहिलं, थोडं विचारात पडलं.

“बघा, आवडलं त्येला,” हिल्वा म्हणाली.

धडाम! आवाज सगळ्या दरीत घुमला. भाकऱ्यांचे तुकडे हवेत उडाले, दही कुंपणाच्या तारांना चिकटलं. धूळ बसल्यावर कावळे उतरले. सगळ्या प्रकरणात त्यांनी तेवढी अन्नाची कदर केली.

मुतलकला चौकीत नेऊन दिवसभर बसवलं. भाकरीत काय होतं, असं त्याला चारचौघांनी फिरून फिरून विचारलं.

“मग काय सांगितलंसा?” आम्ही विचारलं.

“मीठ व्हतं म्हनालो. ते कुनाच्या ध्यानातच येईना.”

हिल्वा मात्र शांत होती. “वाटा दिला,” ती म्हणाली. “घेनाऱ्यानं फोडून खाल्ला.”

तक्रार काही माघारी गेली नाही. महिना भरला आणि ते आले. तीन जीपा, पंधरावीस सैनिक, आणि मागून खोलीएवढा बुलडोझर. भट्टी माझ्या गुडघ्याला लागेल एवढी. तिच्यासाठी एवढी फौज आलेली बघून मुतलकलाही अभिमान वाटला असावा. तो ताठ उभा राहिला.

हिल्वा खोपटाच्या तोंडाशी बसली. “आत भाकर हाय. निघू दे, मग मोड.”

अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. दोन सैनिकांनी तिला काखेत धरून उचललं. डोक्यावरचं फडकं सुटलं, चप्पल राहिली. तिनं त्या दोघांच्या आयांचा उद्धार केला, तोही त्यांना न कळणाऱ्या भाषेत, म्हणजे कष्ट वायाच गेले. यंत्राचं पातं खाली आलं. एकदा पुढं, एकदा मागं. पत्रा, दगड, घुमट, गारगोट्या आणि भाकर, सगळं एका ढिगात. साहेबानं फोटो काढला. कायद्याचं राज्य पुन्हा सुरक्षित झालं.

पण बुलडोझर चालवणाऱ्यानं आयुष्यात कधी भट्टी सांभाळलेली नव्हती. दडपलेली आग उकरायची नसते, हे आमच्याकडच्या दूधपित्या पोरीलाही कळतं. वर्षानुवर्षांची राख उपसली गेली, खालचा निखारा वर आला, बाजूचा लेंड्यांचा साठाही पात्यानं त्यातच लोटला होता. दुपारी वारा सुटला. आधी एक बारीक रेघ उठली, मग पिवळाजर्द धूर जमिनीलगत लोळत, कुंपण ओलांडून थेट पलीकडं. एका भट्टीचा धूर तो काय असायचा! आता सगळा ढीगच भट्टी झाला होता. रात्र गेली, दिवस गेला, आणखी एक गेला. समोरच्या घरांच्या खिडक्या बंद, हिरवळीवर माणूस नाही. कोंबड्यांचेसुद्धा पंखे बंद केले म्हणे, धूर आत ओढत होते.

अधिकारी पुन्हा आला, नाकाला रुमाल लावून. “विझवा हे!”

“मी कशी इझवू?” हिल्वा म्हणाली. “माजी भट्टी व्हती तवर आग माजी. तुमी मोडली, आता आग सरकारी.”

“पाणी टाका!”

“कंचं? ह्यो तुमचा नळ आमच्या मेंढवाड्याखालनं जातो, पर त्येला तोंड तिकडंच हाय. आमचं पानी ट्रॅक्टरच्या टाकीतनं येतं, ते पियाला पुरत न्हाई. मुतू म्हनलं तर सगळी वस्ती बसवते, पर त्येला बी तुमची परवानगी लागंल.”

तासाभरात वसाहतीचा बंब आला. आमच्या टेकडीवर सरकारी पाणी आलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. नळी सुटली, फवारा उडाला, पोरं अंगावर घ्यायला धावली. ढिगातून वाफ निघाली, राखेचं काळं पाणी उताराला लागलं आणि त्यामागून चांगलं स्वच्छ पाणी.

हिल्वानं झगा कमरेला खोचला. हुकूम आल्यापासून ती रोज थोडी पिवळी माती खणून चाळून मेंढवाड्यामागं टाकत होती; आम्हाला वाटायचं, बाई रिकामी बसू शकत नाही. फावडं उचलून तिनं उताराला एक दारं फोडलं, दगड लावून दुसरं बुजवलं, आणि बंबाचं पाणी पाटानं आणावं तसं वळवून त्या मातीत सोडलं.

“सुरय्ये, भुसा! आगं बघती काय, पाटी ओत! पानी संपायच्या आत!”

दोघी घोट्याएवढ्या चिखलात उतरल्या. बंबवाला वरून विचारत होता, बंद करू का? हिल्वानं त्याला हातानंच खूण केली, थोडं आणखी.

अधिकारी चिखलाच्या काठावर येऊन उभा राहिला. हातात कागद होता, पण ठेवायचा कशावर? चिखलाला भिंत नव्हती, छप्पर नव्हतं.

“हे बांधकाम आहे का?” त्यानं विचारलं.

“आजून न्हाई,” हिल्वा तुडवत तुडवत म्हणाली. “वाळू दे, मग ये.”