सुदामभाऊंचा जबाब

फोन आला तेव्हा मी घोडेगावला मासिक बैठकीत बसलो होतो. शकूताईंचं नाव दिसलं आणि मी फोन टेबलावर पालथा ठेवला. थोड्या वेळानं तो पुन्हा थरथरला, तेव्हा मी कट केला. साहेब पाणीपट्टीबद्दल बोलत होते, फोन घ्यायला बाहेर जाणं बरं दिसलं नसतं, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्या घरातून येणारा फोन मला नको असायचा. दुपारी चहाला उठलो तेव्हा जुन्या गावच्या शिपायाचा मेसेज आला होता. सुदामभाऊ गेले, अंत्यविधी चार वाजता. घड्याळात पावणेदोन झाले होते. घोडेगावहून निघालो असतो तर चारच्या आत सहज पोचलो असतो... मी बैठकीत परत जाऊन बसलो.

याला आता सात आठवडे झाले. मी ग्रामसेवक आहे. आता पदाचं नाव बदललंय, पण गावात आम्हाला ‘भाऊसाहेब’च म्हणतात. सध्या आंबेगाव तालुक्यात आहे. त्याआधी सहा वर्षं जुन्नर तालुक्यातल्या एका गावात होतो. बोरी बुद्रुकहून निमगाव सावाकडं जाताना ते लागतं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बदनामी गावाची होईल, आणि चूक गावाची नव्हती, माझी होती.

सुदाम भालेराव त्या गावात मोटार वायंडिंग करायचे. विहिरीतली मोटार जळाली की शेतकरी ती त्यांच्या दारात आणून टाकायचे, आणि ते बसल्या जागी तांब्याची तार भरून दोन दिवसांत ती चालू करून द्यायचे. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. हातानं पायडल मारायची तीनचाकी सायकल होती, तिच्यावरून ते गावभर फिरायचे. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण शकूताई लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परतली होती. बहीणभाऊ दोघंच घरात.

माझी त्यांची पहिली गाठ ग्रामसभेत पडली, म्हणजे ग्रामसभेच्या बाहेर. मी आत इतिवृत्त वाचत होतो आणि खिडकीच्या गजातून एक हात आत आला. कुणीतरी म्हणालं, सुदामभाऊ आहेत, त्यांचं आधी ऐकून घ्या नाहीतर ते हात काढणार नाहीत. पंचायतीला तीन पायऱ्या होत्या. सायकल वर येत नव्हती आणि उचलून नेलेलं त्यांना चालत नव्हतं, म्हणून ते कित्येक वर्षं अंगणात बसून खिडकीतून ग्रामसभेला हजर राहत. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. गावातल्या नऊ म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उठत नव्हते, पेन्शन अडली होती, त्यांची नावं त्यांनी तोंडपाठ सांगितली. मला वाटलं, झालं, गावाला एक तक्रारखोर आहे.

पण ते तक्रार करून गप्प बसणारे नव्हते. कुणाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र झालंय, कुणाचं राहिलंय, कुणाला ऐकू येत नाही पण कानाचं यंत्र पेटीत पडून आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. एकदा त्यांनी माझ्या मागं लागून टेम्पो ठरवायला लावला आणि अकरा माणसांना तपासणीसाठी पुण्याला नेलं. मी सोबत गेलो ते नाइलाजानं. जिल्हा रुग्णालयात रांग लागली होती. सुदामभाऊ सायकल घेऊन रांगेच्या कडेनं पुढं-मागं करत प्रत्येकाचे कागद बघत होते. संध्याकाळी परत निघालो तेव्हा अकराच्या अकरा जणांचं काम झालं होतं. पंचायत समितीत माझं कौतुक झालं. ‘चांगला उपक्रम’ म्हणून बैठकीत माझं नाव घेतलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

दिव्यांगांसाठी पंचायतीच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दरवर्षी खर्च करावा लागतो. मी तो मार्चअखेरीला ब्लँकेटं वाटून संपवायचो. ब्लँकेट, हार, फोटो. चौथ्या वर्षी सुदामभाऊंनी ब्लँकेट परत माझ्या टेबलावर पाठवलं. मी बाहेर जाऊन विचारलं तर म्हणाले, “ब्लँकेट घरात हाय, भाऊसाहेब. पंचायतीत यायला वाट न्हाई. मी एकटा न्हाई, आता निम्म्या म्हाताऱ्यांचं गुडघं गेल्यात.”

दुसऱ्याच दिवशी ते टेप घेऊन आले. शकूताईंनी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. पायऱ्यांची उंची सव्वादोन फूट भरली. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांनी मला रॅम्पचं चित्र काढून दिलं. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे सव्वादोन फुटाला सत्तावीस. अंगण वीसच फूट होतं, म्हणून मध्ये वळण घ्यायचं, आणि दोन्ही बाजूंना कठडा. मोटारीचे वेढे मोजणाऱ्या माणसाचं चित्र होतं ते, कुठं काही सुटलं नव्हतं. मी ते घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. करतो म्हणालो, आणि तेव्हा करायचंच होतं मला.

काम निघालं दोन वर्षांनी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. ठेकेदार म्हणाला, वळण घ्यायचं तर झेंड्याचा कट्टा हलवावा लागेल. कट्ट्याचं नाव काढलं की गावात दोन तट पडणार, हे मला दिसत होतं आणि हातात चारच दिवस होते. मी म्हणालो, सरळ घ्या, कट्ट्याच्या अलीकडं बसतो तेवढा. तो नऊ फुटांचा झाला. कठड्याचे पाइप नंतर बसवू असं ठरलं. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मी जुन्नरला एका टेबलाशी बसून सही केली. रॅम्प तोवर मी पाहिलासुद्धा नव्हता. आठ दिवसांनी पाहिला. चढ नव्हताच तो, घसरगुंडी होती. पण सिमेंट नवं, स्वच्छ, कडेला निळी पाटी. मनात म्हटलं, ढकलायला कुणीतरी असतंच.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला सुदामभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मी आत होतो. नंतर लोकांनी सांगितलं, दोघं-तिघं हात लावायला पुढं झाले तर त्यांनी नको म्हटलं. वाट झालीय तर माझा मी येतो, म्हणाले. निम्म्याच्या वर चढले असतील. मग पुढचं चाक उचललं, सायकल मागं घसरली आणि कठडा नव्हता त्या बाजूनं खाली गेली. मी आवाज ऐकून बाहेर आलो तेव्हा ते अंगणात कुशीवर पडले होते, सायकल अंगावर. ओरडले नाहीत. लोक सायकल उचलत होते आणि ते माझ्याकडं बघत होते.

“भाऊसाहेब, किती फूट केला?”

मी म्हणालो, आधी दवाखान्यात चला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. नारायणगावला ऑपरेशन झालं, रॉड टाकला. घरी आणल्यावर त्यांचं सायकलवर बसणं संपलं, आणि बसणं संपलं तसं वायंडिंगही. कुणीतरी वर तक्रार केली आणि चौकशीसाठी विस्तार अधिकारी यायचे ठरले. ते येण्याच्या आदल्या दिवशी मी एकटा सुदामभाऊंकडं गेलो. सगळं खरं सांगायचं, माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. खाटेच्या कडेला बसलो आणि तोंडातून निघालं ते भलतंच. माझी मुलगी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, शेवटचं वर्ष आहे, निलंबन झालं तर घरात काय होईल... हे सगळं मी खुबा मोडून पडलेल्या माणसाला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मुलगी कुठल्या शाखेला आहे, एवढं विचारलं. इलेक्ट्रिकल म्हटल्यावर म्हणाले, चांगलं हाय.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी कागद काढला. मी दाराशी उभा होतो. सुदामभाऊ छताकडं बघत बोलले.

“ब्रेक धरायचा राहिला माझा. रॅम्पला काय धाड भरलीय? लिवा तसं.”

अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि सही केली. त्यांचं अक्षर रेखीव होतं. शकूताई उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात एकच कप होता, तो त्यांनी अधिकाऱ्यांपुढं ठेवला. अधिकारी गाडीकडं गेल्यावर मी काहीतरी बोलायला वाकलो, तर सुदामभाऊंनी माझं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती. म्हणाले, “आता त्यो तोडा आन् नीट करा. दुसरं कुणी पडाय नको.”

करतो म्हणालो. दुसऱ्यांदा.

पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली झाली. झाली असं लिहिलं, पण मीच मागितली होती. चार्ज देताना अपूर्ण कामांची यादी द्यावी लागते. मी त्या यादीपाशी बराच वेळ बसलो. पूर्ण झाल्याचा दाखला मीच दिलेलं काम अपूर्ण म्हणून कसं लिहिणार? नाही लिहिलं.

त्यानंतर त्यांचे तीन फोन आले. पहिल्यांदा मुलीच्या परीक्षेचं विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाले, नवे भाऊसाहेब म्हणतात कागदावर काम झालेलं हाय, तुमी एकदा येऊन बोलला तर बरं. मी म्हणालो, येत्या रविवारी येतो. तिसऱ्या फोनवर आवाज बारीक झाला होता, खोकला मध्ये मध्ये येत होता. पाठीला जखमा झाल्यात असं शकूताई मागून सांगत होत्या. रॅम्पचा विषय त्यांनी त्या वेळी काढला नाही, आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आता सगळ्यात जास्त टोचतं.

दवाखान्यानं न्यूमोनिया लिहिला. रॅम्पमुळं माणूस गेला असं कुठल्याही कागदावर नाही, आणि कुणी मला तसं म्हणालेलंही नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो, मागं उभा राहिलो. लोक एकेक करून बोलत होते. ज्यांचे अंगठे उठत नव्हते त्यांतल्या एक आजी उठल्या आणि नुसत्या रडून खाली बसल्या. मला बोलायला सांगितलं. मी पुण्याला नेलेल्या टेम्पोची गोष्ट सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. निघताना शकूताई म्हणाल्या, “त्या दिवशी तुमाला फोन लावा म्हनला. उचलला न्हाई तवा म्हनला, मिटिंगमधी असत्याल, ऱ्हाऊ दे.”

घरी आल्यावर मी पत्र लिहिलं. उतार नियमात नव्हता, दाखला न बघता दिला, दिव्यांग व्यक्तीनं दिलेला जबाब माझ्या सांगण्यावरून आणि मला वाचवण्यासाठी दिलेला होता, असं सगळं. बायकोनं वाचून ते मुलीकडं दिलं. मुलगी म्हणाली, हे आधी का नाही लिहिलं. पत्र जुन्नरला पंचायत समितीत स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. पंधरा दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. तिचं उत्तर मी एका ओळीत दिलं की कारण नाही. पुढं काय व्हायचं ते होईल. रॅम्प तोडायचा आदेश मात्र निघाला, आणि गेल्या आठवड्यात तो तोडला. नवा अजून नाही. तीन पायऱ्या पुन्हा उघड्या पडल्यात.

त्या पत्राची एक प्रत घेऊन मी शकूताईंकडं गेलो. दुपार होती, पण आभाळ भरून आलेलं आणि खोलीत अंधारून आलं होतं. त्यांनी पत्र दाराशी उजेडात नेऊन सगळं वाचलं, शेवटच्या सहीपर्यंत. मला वाटत होतं, त्यांना थोडं तरी बरं वाटेल.

“म्हंजी आता सरकारी कागदावर माजा भाऊ खोटारडा,” त्या म्हणाल्या.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या माणसानं आयुष्यात एकच खोटं सांगितलं असेल, आणि ते मी त्याच्या नावानिशी फाइलला लावून आलो होतो. त्यांनी पत्राची घडी केली, आत नेऊन ठेवलं आणि तिथूनच म्हणाल्या, दिवा लावा.

मी उठून बटण शोधू लागलो. दाराच्या चौकटीजवळ हात फिरवला, भिंतीवर वरपर्यंत चाचपलं, काही सापडेना. इतक्या वेळा या खोलीत आलो, दर वेळी आलो तसा खाटेवर टेकलो आणि घाईनं उठलो. आता नीट बघितलं तर भिंतीचा वरचा सगळा भाग मोकळाच होता. आरसा माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. खुंटी, घड्याळ, हत्यारांची फळी, पाण्याचा माठ, सगळं तिथंच, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असं. शकूताई पायानं धड, पण त्यांनी एकही खिळा हलवला नव्हता. त्या आतून आल्या, मी उभा राहून भिंत चाचपतोय हे पाहिलं.

“बसा खाली,” त्या म्हणाल्या. “हुभं ऱ्हाऊन या घरात काय सापडत न्हाई.”

मी फरशीवर बसलो. बटण उजव्या हाताशी होतं.